नाणीघराचा ह

घर बघायला निघालो तेव्हा बायकोने एकच अट घातली होती: अंघोळीची सोय तळमजल्यावर हवी. छत्तीस वर्षं रुग्णालयाच्या वॉर्डांत उभी राहून तिच्या गुडघ्यांतलं वंगण संपलं होतं. अट मी तोंडभर मान्य केली, आणि ज्या घराचं बाथरूम चौदा पायऱ्या चढून वर होतं नेमकं तेच घर घेऊन बसलो.

दोष पाटीचा. लहानसं जुनं गाव, दगडी गल्ल्या, एकमेकांना टेकून उभी असलेली घरं. त्यांतल्या एका घराच्या दाराशेजारी पितळी पाटी: 'ऐतिहासिक नाणीघर. या वास्तूच्या तळमजल्यावर पूर्वी नाणी पाडली जात. वारसा समिती.' जन्मभर क्वार्टरमध्ये राहिलेला माणूस मी. आमच्या दारावर काय, तर 'ब-१७'. स्वतःच्या दाराला इतिहास असावा असं आम्हाला वाटू नये की काय?

आता माझा धंदा सांगायला हवा. मी मुद्रितशोधक. एकतीस वर्षं छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि त्यावर पोट भरलं. ओळखीतले लोक लग्नपत्रिका हातात देतानाच आधी माफी मागतात. त्यामुळे पाटी वाचता वाचताच मला खडा लागला. नाणेफेक, नाणेनिधी, नाणेटंचाई, तसं ते नाणेघर व्हायला हवं. नाणीघर असा शब्दच नाही.

आत गेलो. खोलीची फरशी एका कोपऱ्याकडे उतरती. त्या कोपऱ्यात भिंतीला बुडाशी भोक. मधोमध बसण्याएवढा दगड, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. शेजारी पाणी तापवायच्या चुलीची काजळी. नाणी पाडणारे असं काय पातळ नाणं पाडत होते की ते वाहून जायला भोक लागावं? कुणीतरी, कुठेतरी, एक ह खाल्ला होता. न्हाणीघराचं नाणीघर झालं होतं.

हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं आणि मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ते घर मला नाणीघर म्हणूनच हवं होतं.

"खाली एवढी ऐसपैस खोली आहे," दलाल म्हणाला, "एक बाथरूम काढायला कितीसा वेळ लागतो, साहेब?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. "काढाल ना?"

"काढतो की," मी म्हणालो.

राहायला आल्यावर समितीकडे अर्ज केला. उत्तर लाल शाईत आलं: 'वास्तूतील कोणत्याही दालनाचा मूळ वापर बदलता येणार नाही. नाणी पाडण्याच्या दालनात स्नानगृह करणे वारशास धरून नाही.' खरं तर मूळ वापर राखायचा तर त्यांनी मला तिथे अंघोळ करायची सक्तीच करायला हवी होती. पण मी अर्जात न्हाणीघर हा शब्द लिहिलाच नव्हता. मुद्दाम स्नानगृह लिहिलं होतं. न्हाणीघर आणि नाणीघर एका कागदावर शेजारी शेजारी आले असते तर कुणाच्याही डोळ्यांत भरले असते. नकार वाचून मी बायकोसमोर समितीला चार शिव्या हासडल्या आणि मनातून निवांत झालो.

सुट्टीच्या दिवशी पाहुणे यायचे, पाटीचे फोटो काढायचे. मी दार उघडून त्यांना आत घेऊ लागलो आणि न विचारता माहिती देऊ लागलो. सुरुवातीला म्हणायचो, "इथे कारागीर बसत, असं म्हणतात." हळूहळू 'असं म्हणतात' गळलं. पुढे मी कारागिरांची संख्याही सांगायला लागलो. मुद्रितशोधक बिघडला की लेखक होतो, दुसरं काय?

बायको मात्र रोज चौदा पायऱ्या चढत होती. चढताना भिंतीला हात, उतरताना आडवी होऊन एक एक पायरी. कधी तक्रार नाही. रुग्णांना दुखतंय का विचारण्यात जन्म गेला, त्यामुळे स्वतःचं सांगायची तिला सवयच नव्हती. मला वर पाणी वाजलेलं ऐकू यायचं, मग उतरताना तिने मध्ये थांबून घेतलेला श्वास ऐकू यायचा, आणि मी वर्तमानपत्र वर धरायचो.

सातव्या महिन्यात एका सकाळी मी सहा पाहुण्यांना भोक दाखवत होतो. ते भोक म्हणजे धूर जायची वाट, असा माझा नवा शोध होता. तेवढ्यात जिन्यात काहीतरी धपकन आपटलं. मग वरून अगदी शांत आवाज आला, "अहो, तुमची नाणी पाडून झाली असतील तर मला जरा उठवा. मीही पडलेय."

पाहुणे हसले. मी धावलो. ओल्या केसांनी ती नवव्या पायरीवर बसली होती, एका हाताने गुडघा घट्ट धरून. हाड मोडलं नव्हतं. ते तिने स्वतःच चाचपून मला सांगितलं.

त्याच संध्याकाळी तिने बॅग काढली. "लेकीकडे जाते. तिच्याकडे लिफ्ट आहे."

"किती दिवस?"

"गुडघ्यांना विचारून कळवते."

तिने गरम पाण्याची पिशवी ठेवली, गुडघ्याचे पट्टे ठेवले, टॉवेल ठेवला. मग ऐन उन्हाळ्यात दोन स्वेटर ठेवले. म्हणजे मुक्काम थेट हिवाळ्यापर्यंत. "मला चार दिवस दे," मी म्हणालो. बॅग भरलेलीच राहिली आणि ती थांबली, तेही गुडघा धरून, एवढाच माझा विजय.

वारसा समिती म्हणजे टपाल कचेरीच्या मागची एक खोली आणि त्या खोलीत मास्तर. इतिहास शिकवून निवृत्त झालेले. समितीचे अध्यक्ष तेच आणि गावाची माहितीपुस्तिका लिहिणारेही तेच. मी जुन्या पाहणीची हस्तलिखित वही मागितली. त्यांनी कपाट उघडायला जरा वेळ लावला, पण वही काढून दिली. माझ्या घराची नोंद बावन्नाव्या पानावर होती: 'तळमजला: न्हाणीघर एक, निचरा मागील गल्लीत.'

मी त्यावर बोट ठेवलं. "हा बघा ह!"

मास्तर दचकले नाहीत. "अक्षर किती देखणं आहे, नाही?" ते म्हणाले. "माझ्याच हातून सुटला तो, नक्कल करताना. महिन्याभराने लक्षात आलं. तोवर पाटी लागली होती, आणि चौकात नाण्याच्या आकाराची चॉकलेटं विकायला आली होती."

"मग दुरुस्त का नाही केलंत?"

"कुणी म्हणालंच नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर नाणीघराच्या भावात ते घर गावातल्या कुणी घेतलं नाही." त्यांनी चष्मा पुसला. "तुमच्या कधी लक्षात आलं?"

आत्ता, आज, या क्षणी, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. "पहिल्याच दिवशी," मी म्हणालो.

मास्तरांनी वही मिटली आणि माझ्यासाठी चहा मागवला. सात महिन्यांत पहिल्यांदा. "अहो, मग परके कुठले तुम्ही? गावचेच झालात की!"

मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी परवानगी हातात पडली: 'ऐतिहासिक नाणी धुण्यासाठी तळमजल्यावर नळ व निचऱ्याची सोय करण्यास समितीची हरकत नाही.' प्लंबर आला. भोक मोकळं होतं, उतार आयता होता. दोन आठवड्यांत काम झालं. प्लंबर म्हणाला, अंघोळीसाठी इतकी बेतलेली खोली त्याने उभ्या जन्मात पाहिली नाही.

बायकोने परवानगीचा कागद मोठ्याने वाचला. "नाणी धुण्यासाठी?"

मग मी सगळी कथा सांगितली. नोंदवहीत मी चूक कशी पकडली, मास्तर कसे गप्प झाले. त्यात हिरो मीच होतो. ती ऐकत होती, पण बघत होती माझ्या तोंडाकडे. नर्स कागदापेक्षा रुग्णाकडे जास्त बघते.

"तुम्हाला हे वहीत सापडलं?"

"हो."

"भाजीवाल्याच्या फळ्यावरची चुकलेली वेलांटी तुम्हाला रस्त्यापलीकडून दिसते. आणि दारावरची पाटी सात महिने दिसली नाही?"

मी नवा नळ उगाच उघडला, बंद केला. "दिसली होती," मी म्हणालो.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "म्हणजे रोज चौदा पायऱ्या मी तुमच्या पाटीसाठी चढत होते." बॅग तिने उघडली नाही. कोपऱ्यात होती तशीच राहिली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती खाली अंघोळीला गेली, आणि दारात पाच पाहुणे येऊन ठेपले. एका बाईंनी पाटी वाचली, आतल्या बंद दाराकडे बघितलं. आत पाणी पडत होतं. "इथेच पाडायचे ना नाणी? आत काही काम चाललंय का?"

तोंडात उत्तर तयार होतं; समितीने ते लेखी दिलं होतं. पण आतलं पाणी थांबलं होतं. ती ऐकत होती.

"नाणीबिणी काही नाही," मी जरा मोठ्यानेच म्हणालो. "ही पाटी चुकली आहे. हे न्हाणीघर आहे, पहिल्यापासून न्हाणीघरच होतं. मला ठाऊक होतं आणि मी लपवलं. आत माझी बायको अंघोळ करतेय."

पाहुणे खो खो हसले. बाई म्हणाल्या, काका भारी विनोदी आहेत, आणि त्यांनी माझा पाटीसकट फोटो काढला. मग ते सगळे चौकात चॉकलेटं घ्यायला गेले.

मी न्हाणीघराच्या कडीजवळ जाऊन उभा राहिलो. आतून तिचा आवाज आला.

"अहो, टॉवेल बॅगेतच राहिलाय. तो काढा, आणि काढताच आहात तर स्वेटरही कपाटात ठेवून द्या."