प्रगतीची चढाई

सरकारला यंदा लोकांची मजा मोजायची आहे. गाणं, नाच, खेळ, कोण किती वेळ करतं, अख्ख्या देशाचं. आणि आमच्या डहाणू तालुक्यातली मजा मोजायला भर उन्हात टॅब घेऊन फिरते मी, दक्षा. लोक विचारतात, "ताई, घरकुलाचं आहे का?" नाही म्हटलं की तोंडं पडतात. डोकं फिरतं माझं.

चारोटीच्या पुढे, हायवेपासून आत एक पाडा आहे. तिथे त्या दिवशी जो तो एकच सांगत होता, महिनाभर काही नाही. नाच नाही, कबड्डी नाही. मला वाटलं, उगाच कटवतायत मला. शेवटच्या घरात नवशीमावशी भेटली.

"घरात माणसं किती?"

"दोघी."

दुसरी कोण, तर मुलगी, प्रगती. वय एकोणीस. मावशीचा नवरा कधीचाच वारलेला. मुलगी काही खेळते का विचारलं, तर मावशी एकदम खुलली.

"कबड्डी. पहिली चढाई तिचीच. तलासरीच्या पोरी यायच्या, पण हिला कुणी धरू शकलं नाय."

चला, म्हटलं, एका घरात तरी कुणी खेळतंय. भराभर भरलं सगळं.

"कुठाय ती? तिलाही विचारायचंय."

शेजारची शुक्री दारात उभी होती, ती हळूच म्हणाली, "गेली ती. अच्छाडला मॅच खेळून येत होती, ट्रकनं उडवली. तवापासून पाड्यात कुणी मैदानात उतरलं नाय."

नियम म्हणजे नियम, हयात नसलेलं माणूस घरात धरता येत नाही. मी प्रगतीचं नाव काढायला लागले.

"पुसू नको, बाय," मावशी म्हणाली. "खेळायची ती. सरकारला कळू दे की."

पुसलं. मावशी माझ्या बोटाकडे बघत राहिली.

पुढे कालचा दिवस विचारायचा असतो, उठल्यापासून झोपेपर्यंत. पाणी, चूल, चिकूच्या वाडीत मजुरी.

"आणि संध्याकाळी?"

"मैदानात. कबड्डी बघाया."

"मावशी, पण खेळ तर बंद आहे ना?"

"चल, दावते."

मैदान घरामागेच होतं. कडेने गवत माजलेलं, पण मधली रेघ अजून दिसत होती. मावशी एका लांबट दगडावर टेकली आणि रेघेकडे टक लावून बसली. रोज अंधार पडेपर्यंत अशीच बसते म्हणे. आता हे टाकू कशात? टॅबवर 'आराम' होतं, 'काही न करणे' होतं. मी 'खेळ पाहणे' दाबलं. तुषार सर, आमचे सुपरवायझर, बोंबलतील तर बोंबलू देत.

लगेच पुढचा प्रश्न आला. कोणासोबत?

"प्रगतीसोबत," मावशी म्हणाली.

मी 'घरातील व्यक्तीसोबत' दाबलं. टॅबने लाल अक्षरांत अडवलं, या घरात दुसरी व्यक्ती नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. शेवटी 'एकटी' दाबलं, तेव्हा तो मुकाट पुढे गेला.

"काय लिवलंस?"

"दोघी," मी म्हटलं.

मावशीने मान हलवली. दगडावर जरा सरकून तिने मला जागा करून दिली.

"बस मग. आता चढाई तिचीच हाय."

मी टॅब पिशवीत टाकला आणि तिच्या शेजारी बसले.