सरजाबाईचा कलर टीव्ही

साहेब, अकरा टीव्हींची आतडी तुम्ही काढलीत. कंत्राटदारानं काढली म्हणू नका. कंत्राटदार तुमचा, मांडव तुमचा, फीत कापायची कात्रीही तुमचीच. आणि त्या अकरातला एक टीव्ही मल्लिकार्जुनचा नव्हताच, तो सरजाबाईचा होता. तुम्हाला हे माहीत नव्हतं, कारण तुम्ही विचारलंच नाही. म्हणून मी, मल्लिकार्जुनचा शेजारी, पहिल्यापासून सांगतो. मागाहून 'आमच्या कानावर आलं नाही' म्हणायला जागा नको.

लातुरात गंजगोलाईच्या मागं एका बोळात मल्लिकार्जुनचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान आपलं नावाला. गिऱ्हाईक कधीच आटलं. आता घरोघरी भिंतीला चिकटवलेले पातळ टीव्ही, बिघडला की फेकायचा आणि दुसरा आणायचा. मल्लिकार्जुन मात्र जुने कलर सेट गोळा करत राहिला. लाकडी पेटीचे, पुढं शटर ओढायचे, चॅनलचं बटण खटखट फिरणारे. एक उदगीरच्या आडतीतून आणला, एक निलंग्याच्या लॉजमधून, एक तर गोठ्यातून, त्याच्यावर पेंडीचं पोतं ठेवलं होतं. आणायचं, उंदरांची घरटी काढायची, फुगलेले कंडेन्सर बदलायचे आणि मग बसून राहायचं. पंधरा-वीस वर्षं बंद असलेल्या सेटला एकदम करंट देत नसतात. मधे शंभरचा पिवळा बल्ब जोडतात. बल्ब भडकून पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, काढा वायर. पेटून मंद झाला तर सेटमधे जीव आहे, थांबा. मल्लिकार्जुन त्या बल्बाकडं तासन्‌तास बघायचा.

बायको शांतम्मा म्हणायची, "एवढं माणसाकडं बघत बसला असता तर डॉक्टर झाला असता."

"माणसाला मागून स्क्रू असते तर झालो असतो."

"स्क्रू हायेत की. तुमचेच ढिले झालेत."

आता सरजाबाई. नायगावच्या पलीकडच्या गावची. गेल्या आखाडात भाच्याच्या जीपमधे गोधडीत गुंडाळून आपला सेट घेऊन आली. नवरा रामकिशन, त्याच्या अंगावरून वारं गेलेलं. डावी बाजू गेली, वाचा गेली, पोटच्या लेकीलाही ओळखत नाही. पण उजव्या हाताची बोटं हवेत फिरत राहतात, एक घर पुढं, एक घर मागं. डॉक्टर म्हणाले झटके आहेत. सरजाबाईला मात्र कळलं.

"टीव्हीचं बटण फिरवून राहिलेत ते, दादा," ती म्हणाली. "गावात पहिला कलर आमचा. रविवारी वसरीत पाय ठेवायला जागा नसायची. पण बटणाला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे न्हाईत. मलाबी नाही. तेवढा चालू करून द्या. एकदा त्यांच्या पुढं ठेवते. वळखलं तर वळखलं. नाही वळखलं तर माझी काई तक्रार न्हाई."

"पोळ्याला देतो," मल्लिकार्जुन म्हणाला.

सेटमधला हिरवा रंग मेला होता. लाल होता, निळा होता, हिरवा नाही. पडद्यावरची माणसं जांभळी, जसं सगळ्यांना कुणी बदडून काढलंय. वीस इंची पिक्चर ट्यूब, नवी कुठंच मिळत नाही. आहे त्याच ट्यूबला ऊब देत, चढवत-उतरवत, रोज थोडं थोडं जागं करायचं. जास्त दिलं तर कायमची गेली. तीन आठवडे लागले. हवेतून येणारं जुनं प्रक्षेपण बंद झालेलं, म्हणून डीव्हीडीवर शेतीची एक फिल्म लावून ठेवली होती. एका दुपारी त्यातला ऊस हिरवा झाला. मल्लिकार्जुननं शांतम्माला हाक मारली. ती पिठाचे हात घेऊन आली, बघितलं आणि काही टोमणा न मारता परत गेली. मल्लिकार्जुननं सरजाबाईला फोन लावला, "झाला. पोळ्याला मीच घेऊन येतो."

त्याच आठवड्यात तुमच्या कार्यालयातला सोमेश आला. नात्यातलाच, शांतम्माच्या नणंदेच्या सासरकडचा. नांदेडला जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे, अकरा चालू कलर सेट पाहिजेत, आठ दिवसांत जागेवर आणून देतो, म्हणाला. मल्लिकार्जुनचे चालू होते दहा. अकरावा सरजाबाईचा, आणि सगळ्यांत उजवा तोच. पोळ्याला अठरा दिवस होते. त्यानं हिशेब केला आणि देऊन टाकला. सरजाबाईला विचारलं नाही. अमानत होती ती, हलवायची नव्हती. ही चूक त्याची. ती मी तुमच्या पदरात घालत नाही.

शांतम्मानं स्वयंपाकघरातून खूण केली, कागद घ्या. सोमेश नुकताच जेवून उठला होता. कपाळाला विभूती, पाया पडलेला, 'मामा, मामा' करणारा. मल्लिकार्जुन आत जाऊन हळूच म्हणाला, "जेवलेल्या पाव्हण्याला पावती मागायची? ताटातल्या भाकरी मोजल्यावाणी दिसतं."

पण एक कागद त्यानं स्वतः लिहिला. एक नाही, अकरा. प्रत्येक सेटच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली, शेजारी चिमट्याची वायर बांधली. चिठ्ठीत लिहिलं: 'आत पंचवीस हजार व्होल्ट असतात. बंद केल्यावरही राहतात. उघडायची वेळ आलीच तर आधी ही वायर ट्यूबच्या पट्टीला आणि स्क्रूड्रायव्हरला जोडा. स्क्रूड्रायव्हर रबरी टोपीखाली सरकवा. चट्ट आवाज होऊ द्या. मगच हात लावा.' नांदेडला कुणाच्या लेकराला झटका बसू नये, एवढंच त्याच्या डोक्यात.

तिसऱ्या दिवशी तो एसटीनं नांदेडला गेला. आपले सेट चालू स्थितीत रांगेनं लावलेले बघायचे होते.

रांग होती. पण ती माणसांची. एका रंगवलेल्या भिंतीत अकरा सेट बसवलेले. काचा नाहीत, ट्यूबा नाहीत, आत गोल पांढरे दिवे. लोक मागून येत होते, पेटीत डोकं घालत होते, पुढून फोटो निघत होते. मल्लिकार्जुन रांगेत उभा राहिला. का, ते त्याला आजही सांगता येत नाही. गळ्यात कार्ड घातलेली एक पोरगी म्हणाली, "काका, वाका. डोकं पुढं घ्या. अजून. हां, आता स्माईल!"

ती पेटी सरजाबाईची होती. कडेला दसऱ्याच्या हळदी-कुंकवाची जुनी बोटं तशीच होती. आत त्यानंच केलेल्या सोल्डरिंगच्या राळेचा वास येत होता. जिथं ट्यूबची मान बसते तिथं त्याची मान होती. समोर एक बाई लेकराला दाखवत होती, "बघ, आजोबा टीव्हीत आले." फोटो निघाला. फोटोत तो हसतोय. ओठ कधी हलले ते त्याला माहीत नाही.

सोमेश मंडपाच्या मागं सापडला.

"मामा! कळवलं असतं तर गाडी पाठवली असती की."

"ट्यूबा कुठंयत?"

"अहो, पाव्हणे यायचे होते. नुसते जुने टीव्ही कोण बघतंय, सेल्फी पॉइंट करा, असं वरून सांगितलं. मी कंत्राटदाराच्या पोरांना बजावलं, सांभाळून काढा म्हणून. तुमची चिठ्ठी होती ना, अगदी तसंच केलं बघा. एकालाबी झटका बसला नाही."

"ट्यूबा, सोमेश."

"भंगारवाल्यानं नेल्या. तांबं काढून घेतलं, काचा फोडल्या. मान मोडली की फस्सकन हवा आत जायची. पोरं हसायली." मग तो थांबला. "पेट्या आहेत ना, मामा. पेटीला ओरखडा नाही."

मल्लिकार्जुन म्हणाला, "तू जेवलास का?"

मग बसस्टँडवर जाऊन बसला. लातूरच्या दोन गाड्या त्याच्यासमोरून गेल्या.

आठव्या दिवशी, अगदी शब्द दिल्याप्रमाणं, टेम्पो बोळाच्या तोंडाशी आला. वक्तशीरपणात तुम्हाला नाव ठेवायला जागा नाही. अकरा पेट्या उतरल्या, काहींत गोल दिवे तसेच. ड्रायव्हरनं कागद पुढं केला: 'अकरा नग सुस्थितीत मिळाले.' मल्लिकार्जुननं सही केली.

"देताना कागद न्हाई, आणि घेताना सही?" शांतम्माचा आवाज बोळभर गेला. "आवं, काय बघून केली?"

"ड्रायव्हर सकाळपासून उपाशी होता."

"आणि तुम्ही?"

त्याला आठवेना.

मग तो तुमच्या कार्यालयात तीनदा आला. पहिल्यांदा तुम्ही मीटिंगमधे. दुसऱ्यांदा दौऱ्यावर. तिसऱ्यांदा भेटलात. तुम्ही तो कागद त्याच्यापुढं सरकवला.

"सही तुमचीच ना?"

"हाव."

"मग?"

तो उठून आला. हैदराबादला, सोलापूरला, जुन्या ओळखीच्या सगळ्या मेकॅनिकांना फोन करून झाले. वीस इंची ट्यूब कुणाकडं नाही. एकजण म्हणाला, "मल्लप्पा, ट्यूब काय मागतो, तिचं नावसुद्धा आता कुणाच्या तोंडात नाही." आता तो दुकान उघडतो, पेट्यांसमोर बसतो. शांतम्मा जेवायला बोलावते तेव्हा जेवतो. मीठ कमी पडलं तरी कळत नाही, जास्त पडलं तरी नाही. शांतम्मानं टोमणे बंद केलेत. त्या घरात याच्याइतकी वाईट खूण दुसरी नाही.

पोळा झाला. सरजाबाईचा फोन आला.

"दादा, वाट बघितली. बैलं धुवून, पुरणपोळी होऊन गेली की."

"हाव."

"का हो, पुन्यांदा बसला का सेट?"

"बसला."

"हिरवं गेलं का परत?"

"सगळंच गेलं, बाई."

तिला वाटलं, करंटचं काहीतरी असेल. म्हणाली, "असू द्या. तुमच्या हाताला गुण हाय. त्यांची बोटं आता कमी फिरायलीत, म्हणून घाई करून राहिले. सोमवारी जीप सांगितलीय. त्यांनाच उचलून आणते तुमच्या दुकानात. आणायचं-न्यायचं झेंगटच नको. तिथंच बघतील."

तिनं फोन ठेवला. त्यानं नको म्हणायला तोंड उघडलं होतं.

तर साहेब, सोमवारी रामकिशन येतोय. चौघं मिळून त्याला बोळातून उचलून आणतील आणि त्या पेटीपुढं बसवतील. सुस्थितीचा कागद सरजाबाईला दाखवून उपयोग नाही, तिला वाचता येत नाही. ती सरळ तोंडानं विचारील, सेट कुणी फोडला. मल्लिकार्जुनला उत्तर देता येणार नाही. ते उत्तर तुमच्याकडं आहे. 'वरून सांगितलं' असं तुमचा सोमेश म्हणाला, तो वर बसलेला माणूस कोण? सोमवारी दुकानात या आणि त्या बाईसमोर त्याचं नाव घ्या. तुमचंच असेल तर तुमचं घ्या.

येणार का नाही, ते आज सांगा.