शुक्रवारचा चिमटा

शुक्रवारी सकाळी साडेपाचला आमच्या गावच्या पोहण्याच्या तलावावर मुलींची चरबी मोजली जायची. वीस वर्षं मोजली जात होती, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मुली पोहण्याच्या कपड्यांत ओळीनं उभ्या राहायच्या. प्रशिक्षक नेव्हिल दंडावर, पोटावर, मांडीवर असा सात जागी कातडीची घडी मापायचा चिमटा लावायचा, बेरीज मोठ्यानं पुकारायचा आणि ग्लेनिस ती वहीत लिहायची. आकडा वाढला की कडेच्या पट्ट्यात वीस फेऱ्या जास्त. त्या पट्ट्याला सगळे 'बिस्किट गल्ली' म्हणायचे आणि हसायचे. मीही हसलेय, माझी लेक ब्रायोनी त्याच ओळीत उभी असताना.

ग्लेनिस म्हणजे टामसिनची आई. पहाटे तलाव, मग वृद्धाश्रमातली नोकरी; सहा वर्षांत ही बाई पुरेशी झोपली असेल असं मला वाटत नाही. टामसिन पंधरा वर्षांची, पोहण्याच्या बटरफ्लाय प्रकारात राज्यस्पर्धेच्या उंबरठ्यावर. त्यांचा कुत्रा मात्र दिवसेंदिवस गोलमटोल होत चालला होता, कारण टामसिनच्या डब्यातलं सँडविच रोज त्याच्या पोटात जात होतं. ग्लेनिसला ते दिसत होतं. पण पोरगी पाण्यात वेगानं जात होती आणि वहीतला आकडा खाली येत होता, म्हणून ती गप्प राहिली.

मार्चमध्ये विद्यापीठातून डॉ. हेस्टर क्विल्टी आली. खेळाडूंच्या मनाचा अभ्यास हा तिचा विषय. ऐन वयात मुली खेळ का सोडून देतात, हे ती तीन वर्षं शोधत होती.

"आता डॉक्टरीणबाई आमच्या डोक्यात काय चाललंय ते सांगणार," नेव्हिल म्हणाला. "माझ्या डोक्यात काहीच नाही हं. हवं तर सही करून देतो."

हेस्टर थकल्यासारखी हसली. क्लबची अट होती: प्रश्नावली तलावावरच भरायची, नेव्हिलच्या समोर, आणि मुली लहान म्हणून आयांनी शेजारी बसायचं. नाहीतर मुली मिळणार नाहीत. बारा क्लबांचे उंबरे झिजवून आलेल्या हेस्टरनं अट मान्य केली. चूक तिथेच झाली, आणि ती तिनं डोळे उघडे ठेवून केली.

नववा प्रश्न होता: वजनाच्या भीतीनं तू जेवण टाळतेस का? टामसिनची पेन्सिल थांबली. तिनं आईकडे पाहिलं. ग्लेनिस पाण्याकडे बघत राहिली. मग टामसिननं 'कधीच नाही'भोवती गोल काढला. हे मला ग्लेनिसनंच पुढे सांगितलं.

जूनमध्ये निष्कर्ष आले. आमच्या भागातल्या मुली आपल्या खेळात समाधानी आहेत म्हणे. नेव्हिलनं तो कागद कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर लावला.

ऑगस्टमध्ये एका सकाळी टामसिननं शेवटच्या फेरीत भिंतीला हात लावला आणि ती वर आलीच नाही. नेव्हिलनं बुटांसकट उडी मारून तिला बाहेर काढलं. जीव वाचला. पण पाळी नऊ महिने बंद होती, नडगीच्या हाडाला चीर गेली होती, आणि डॉक्टर म्हणाल्या की हाडं साठीच्या बाईसारखी झालीत.

"अगं, मला सांगायचं तरी," ग्लेनिस खाटेशेजारी बसून म्हणाली.

"तुला कसं सांगणार, आई? आकडा तर तूच लिहितेस."

टामसिनचं कळल्यावर त्याच आठवड्यात हेस्टर पुन्हा आली. माझ्याच स्वयंपाकघरात ती आणि ग्लेनिस समोरासमोर बसल्या. चहा कुणीच प्यायलं नाही.

"माझ्याकडे चारशे प्रश्नावल्या आहेत," हेस्टर म्हणाली. "त्यांत एकही मुलगी उपाशी नाही. मी तो अभ्यास मागे घेतेय. पुन्हा पहिल्यापासून विचारणार, शाळेच्या वाचनालयात. तिथे नेव्हिल नसेल आणि तुम्हीही नसाल."

"आणि तुझी नोकरी?"

"जाईल बहुतेक. जाऊ दे. खोटं मोजून मोजून फार दमलेय मी."

पुढच्या शुक्रवारी ग्लेनिस एकटीच तलावावर आली. तिनं वही बाकावर ठेवली.

"नेव्हिल, मी लिहिणार नाही." मग ती आम्हा बाकीच्या आयांकडे वळली. "आणि तुम्हीही कुणी लिहू नका गं."

"ग्लेनिस, पोरीचं मलाही वाईट वाटतंय," नेव्हिल म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. "पण बाकीच्या मुलींनी काय घोडं मारलंय? तीन आठवड्यांवर स्पर्धा आलीय."

आम्ही अठरा जणी होतो. कुणी पर्समध्ये किल्ल्या शोधायला लागली, कुणी टॉवेलची घडी घालायला. ग्लेनिसनं एकेकीकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. सगळं मला माहीत होतं म्हणून. नेव्हिलनंही माझ्याकडेच पाहिलं आणि पेन पुढे केलं. रिले शर्यतीचा संघ अजून जाहीर व्हायचा होता, आणि ब्रायोनीला त्यात जागा हवी होती.

मी पेन घेतलं. ग्लेनिस निघून गेली.

अकरा आकडे लिहून झाले. बारावी ब्रायोनी. नेव्हिलनं चिमटा लावला, बेरीज पुकारली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी खाली मान घालून लिहिलं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. वाचनालयातल्या कागदांवर मुलींनी जे लिहिलं ते छापून आल्यावर आमच्याकडचा चिमटा बंद झाला. हेस्टर आता तेच प्रश्न घेऊन दुसऱ्या गावांत फिरते. ग्लेनिस मला दुकानात भेटते, नीट बोलते. ब्रायोनी ब्रिस्बेनला शिकते. दर रविवारी फोनवर मी तिला विचारते, जेवलीस का? ती 'हो' म्हणते. ते खरं आहे की नाही, हे कळायला माझ्याकडे आता कुठलाच मार्ग उरलेला नाही.