वाटून घेतलेला दोर

मी एक जुना दोर आहे, असे म्हणायची सवय अजून जात नाही. खरे सांगायचे तर मी दोराचा पाव हिस्सा आहे. रस्सीखेचीचा एक भलामोठा दोर होता, त्याच्या एका टोकाकडचा तुकडा. शाळेच्या ऑफिसबाहेर भिंतीवर काचेची पेटी आहे, तिच्यात मी वेटोळे करून पडून असतो. मित्रांनो, उशिरा आल्याबद्दल बोलणी खायला तुम्ही तिथे रांगेत उभे राहता, तेव्हा मी तुमच्याकडे टक लावून बघत असतो. तुम्ही मात्र माझ्या काचेत आपला भांग नीट आहे ना, ते बघता. असू दे, तेवढाच तुमच्या उपयोगी पडतो.

माझा जन्म एका लांबलचक पडवीत झाला. दोर वळणारा बाप एका टोकाला आणि त्याची मुलगी दुसऱ्या टोकाला. मुलगी चाक फिरवायची, बाप तागाचे पेड हातात धरून मागे मागे सरकायचा. "नीट पीळ बसू दे गं," तो सारखा बजावायचा. "पोरं ओढणार आहेत याला. एक वेळ जनावरं परवडली." माझ्या अंगातला पीळ तेव्हाचा आहे. थोडा स्वभावातही उतरला आहे, हे मला मान्य आहे.

चार शाळांनी मिळून मला करवून घेतले होते. वरची शाळा, खालची शाळा, बाजारातली शाळा आणि पुलापलीकडची शाळा. दर वर्षी मोठ्या मैदानावर चौघींची रस्सीखेच व्हायची. तिथे एक जगावेगळी पद्धत होती. जी शाळा सगळ्यात शेवटी येईल, तिने मला वर्षभर आपल्याकडे न्यायचे. ही पद्धत शिट्टीवाल्या सरांनी पाडली. ते चारही शाळांना खेळ शिकवायचे आणि झोपेतही त्यांच्या गळ्यात शिट्टी असते, असे मुले म्हणायची. "जिंकलेल्यांना टाळ्या मिळाल्या ना?" ते म्हणायचे. "मग दोर हरलेल्यांना. सराव त्यांना करायचाय."

त्यामुळे मी कायम रडवेल्या मुलांबरोबर घरी गेलो. मुले एका रांगेत मला खांद्यावर घ्यायची आणि नाके पुसत रस्त्याने निघायची. दुकानदार पायरीवर येऊन विचारायचे, "काय रे, पाहुणा परत आणलात वाटतं?" मुले आणखी रडायची. पण दोन दिवसांत रडे विसरून शाळेच्या अंगणात माझी ओढाओढ सुरू व्हायची. संध्याकाळी कामावरून परतणारे बाप डबा बाजूला ठेवून एका बाजूला लागायचे. आया दुसऱ्या बाजूला. जिंकलेल्या शाळेची मुले चिडवायला म्हणून यायची आणि बाह्या सरसावून रांगेत उभी राहायची. शिंपी, पोस्टमन, पाववाला, सगळ्यांचे तळवे मला ओळखीचे होते.

सगळ्यात जास्त वर्षे मी पुलापलीकडच्या शाळेत काढली. तिथे एक दणकट मुलगी होती. तिला सगळे 'खांब' म्हणायचे. ती माझे टोक कमरेला गुंडाळून सर्वांच्या मागे उभी राहायची आणि टाचा रोवायची. तिची शाळा पुन्हा पुन्हा हरली, पण ती कधी आधी सुटली नाही. हरल्यावर ती माझ्यावरची माती झटकायची आणि म्हणायची, "चल बाबा, घरी चल." मला कुणी इतक्या मायेने घरी बोलावलेले नाही.

एकदा सहलीहून येताना खालच्या शाळेची बस रस्त्याकडेच्या चरात उतरली. आत लहान मुले होती, रडून रडून त्यांचे घसे बसले होते. मला बसला बांधले आणि चारही शाळांच्या लोकांनी ओढले. त्या दिवशी सगळे माझ्या एकाच बाजूला होते. बस वर आली तेव्हा शिट्टीवाले सर शिट्टी वाजवायचीच विसरले.

मग नवा दोर आला. नायलॉनचा, गुळगुळीत, नियमात बसणारा. स्पर्धा संपली की तो शिक्षण कार्यालयाच्या कपाटात जाणार, असे ठरले. माझी सुटी झाली. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही, कारण अंगणातली ओढाओढ तर कुणी बंद केली नव्हती. प्रश्न एवढाच होता की मी कुठे राहायचे. त्यासाठी चारही शाळांची सभा भरली. शिट्टीवाले सर तोवर निवृत्त होऊन लेकाकडे दूर राहायला गेले होते.

"आमच्याकडे तो सगळ्यात जास्त राहिलाय," पुलापलीकडचे म्हणाले.

"म्हणजे सगळ्यात जास्त हरलात तुम्ही!" बाजारातल्या शाळेचे कुणी ओरडले. सभा हसली, मग चिडली, मग आवाज चढले. शेवटी खालच्या शाळेच्या मोठ्या बाई उठल्या. बाई फार न्यायी होत्या.

"भांडायचं कशाला? चार सारखे तुकडे करू. कुणाच्या मनात काही राहायला नको."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खांबला शोधले. ती आता मोठी झाली होती, पालकांमध्ये बसली होती. मला वाटले, ही तरी उठेल. तीही टाळ्या वाजवत होती.

करवत आणली. माझे मोजून चार भाग झाले. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही, आणि ओढता येईल असा एकही नाही.

तेव्हापासून मी इथे, पुलापलीकडच्या शाळेत आहे. पेटी दर आठवड्याला पुसतात. खाली 'आपली परंपरा' अशी पाटी आहे. अंगणात संध्याकाळी कुणी येत नाही, बाजारातल्या शाळेची मुले या बाजूला फिरकत नाहीत. त्यांचे इथे आता काम तरी काय? मला फार एकटे वाटते, मित्रांनो. कापलेल्या बाजूचे पेड रोज थोडे उसवतात.

परवा पालकसभेला खांब आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीने काचेला नाक लावले.

"आई, तू एवढुसा दोर ओढायचीस?"

"छे गं! मैदानभर होता तो."

"मग बाकीचा कुठंय?"

"वाटला आम्ही."

"का?"

खांबने काचेवरचा मुलीच्या नाकाचा डाग बोटाने पुसला. "सगळ्यांनाच हवा होता ना," ती हळूच म्हणाली. मग ती बराच वेळ तिथे उभी राहिली, आत सभा सुरू झाली तरी.

मित्रांनो, जे सगळ्यांचे असते त्याचे वाटे करू नका, पाळ्या लावा. ते चुकून दुसऱ्यांकडे जास्त दिवस राहिले तर त्यांच्या अंगणात जा. आणि जमले तर माझे एक काम करा. वरच्या शाळेत तुमचे कुणी ओळखीचे असेल, तर तिथल्या पेटीपाशी क्षणभर थांबायला सांगा. माझे दुसरे टोक तिथे आहे.