जमिनीवर न बोलायचे शब्द

चौऱ्याऐंशी वर्षांच्या रॅस्मीला आता एकच हाव उरली होती, पुन्हा एकदा होडीत बसायची. दोन वर्षांपूर्वी धक्क्यावरून घसरून त्याने गुडघा मोडून घेतला आणि त्याच्या लेकीने, ओस्लाने, त्याचा समुद्र बंद केला. ती स्वतः रोज शेवंडांचे पिंजरे उचलायला जायची आणि हा खिडकीतून बघत मेंढ्यांना शिव्या घालायचा. शेटलंडच्या त्या एवढ्याशा बेटावर समुद्र न दिसणारी खिडकी तरी कुठून आणायची?

त्या मंगळवारी मात्र संधी आपल्या पायांनी घरात आली. कॅट्रिओना नावाची तरुणी बेटावरची जुनी बोली यंत्रात टिपून घ्यायला ॲबर्डीनहून आली होती आणि दुपारच्या बोटीने परतणार होती. होडीत बसलं की जुने कोळी काही गोष्टींना त्यांच्या घरच्या नावाने हाक मारत नसत, त्यांची वेगळी नावं असत. ती नावं आता एकट्या रॅस्मीला येत होती, असं सगळं बेट सांगत होतं.

"आजोबा, समुद्रावर पाद्रीबुवांना काय म्हणायचात?"

रॅस्मीच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. सुतकी चेहरा करून तो म्हणाला, "बाई, समुद्रावरचे शब्द जमिनीवर बोलायचे नसतात. मोठा अपशकुन!"

"बाबा!" तव्यावर बॅनकच्या जाड भाकऱ्या भाजता भाजता ओस्ला गर्रकन वळली.

"मी कुठे केलाय हा नियम? बापजाद्यांचा आहे."

ओस्ला त्याच्याकडे बघत राहिली. म्हाताऱ्याचं काळीज धडधडायला लागलं. मुलीला मागणी घालताना पंचवीस वर्षांच्या पोराचंसुद्धा एवढं धडधडत नसेल. शेवटी तिने तवा खाली उतरवला.

"तुमचा समुद्रावरचा कोट मी जिन्याखालच्या पेटीत लपवलाय. एक तास. आणि होडीत उभे राहिलात ना, तर पिंजऱ्यात कोंबून आणीन."

"पेटीत? दोन वर्षं मी तिच्यावर बसून बूट घालतोय!"

मग काय विचारता! दोघींनी धरून त्याला होडीत बसवलं, इंजिन धडधडलं, खारं पाणी तोंडावर उडालं आणि रॅस्मी लहान पोरासारखा ओरडला. आनंदाने त्याचे डोळे वाहत होते, आणि ते वाऱ्यामुळे असं सांगायचीही त्याला शुद्ध नव्हती.

"आजोबा, आता सांगा, मांजराला काय..."

"लोखंड!" रॅस्मी किंचाळला. "लोखंडाला हात लावा आधी, अपशकुन उतरू दे! होडीत त्या प्राण्याचं नाव घेता?"

कॅट्रिओनाने घाबरून नांगराला मिठीच मारली. ओस्लाला हसू आवरेना.

"त्या प्राण्याला म्हणायचं ओरबाडी," रॅस्मी खूश होऊन म्हणाला. "आणि तुमचे ते बुवा, ते उभेराव. देवासमोर उभं राहून दोन दोन तास बोलतात, बाकीच्यांनी बसून पेंगायचं." एकामागून एक शब्द बाहेर पडायला लागले. सुरीचा, घोड्याचा, चुलीतल्या विस्तवाचाही. कॅट्रिओनाचे गाल लाल झाले होते, ती यंत्र त्याच्या तोंडाशी धरून बसली होती.

"आणि रविवारी जातात त्या इमारतीला?"

रॅस्मीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. शब्द येईना. त्याने गुडघ्यावर मूठ आपटली, टोपी काढली, परत घातली. त्याचा चेहरा पडला.

"विनवणीघर," मागून आवाज आला.

सुकाणूवरची ओस्ला समोर पाण्याकडे बघत होती.

"हा शब्द तुला कुणी सांगितला?"

"तुम्हीच. तुम्ही आणि टॅमीकाका होडीच्या खोपीत गळांना आमिष लावत बसायचात ना, तेव्हा असंच बोलायचात. मी टोपल्यांमागे लपून ऐकायचे. सगळे येतात मला, बाबा."

"खोपीत?"

"खोपीत. चांगल्या कोरड्या जमिनीवर."

रॅस्मीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. यंत्रावरचा लाल दिवा चालूच होता.

"मग सकाळीच का नाही बोललीस?" त्याने हळूच विचारलं.

"बोलले असते तर तुम्ही घरीच बसला असतात." ती बाजूला सरकली. "या इकडे, बसल्या बसल्याच. धरा सुकाणू, हिच्या दुपारच्या बोटीला अजून अवकाश आहे."