गळ्यात मारलेले शेअर

बाई कवळ्या बनवत. दवाखान्यातून हिरड्यांचे साचे यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, मेणावर एकेक दात बसवायचा, गुलाबी हिरडी घडवायची आणि घासूनपुसून लखलखीत करून परत पाठवायची. सव्वीस वर्षं हेच. केसभर उंच बसलेला दात माणसाला सुखाने घास चावू देत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यामुळे अर्धवट काम दिसलं की बाईंच्या डोक्यात तिडीक जायची.

आणि नेमका त्यांच्याच नशिबी असला शेअर आला.

चार वर्षांपूर्वी तो त्यांना धाकट्या दिरांनी सुचवला होता. भावजी फरशांच्या दुकानात विक्रीला होते आणि बोलणं असं, की तडा गेलेली फरशीसुद्धा गिऱ्हाईक नक्षी म्हणून घेऊन जाईल.

"वहिनी, छोटीशी कंपनी आहे, अजून कुणाला पत्ता नाही," ते म्हणाले होते. "खारं पाणी गोडं करणारं यंत्र काढतायत. जेवायच्या टेबलाएवढं! आज अठराला मिळतोय, उद्या दीडशेलाही हाती लागणार नाही. मी स्वतः धरून बसलोय."

बाईंनी कवळ्यांच्या कामाच्या नव्या भट्टीसाठी साठवलेले पैसे काढले आणि तीन हजार शेअर घेतले.

शेअर पडला असता तरी चाललं असतं. दोन दिवस रडून बाई मोकळ्या झाल्या असत्या. पण तो मेला पडेही ना आणि चढेही ना. साडेसतरा, अठरा, पुन्हा साडेसतरा. कित्येक दिवस तर एकही सौदा व्हायचा नाही. दुपारी मेण गार होईपर्यंत बाई मोबाईल उघडायच्या आणि कालचाच आकडा बघून बंद करायच्या. दर तीन महिन्यांनी कंपनीचं पत्र यायचं, "यंत्र अंतिम टप्प्यात आहे." एका वर्षी "अंतिम टप्प्याचा पहिला भाग पूर्ण" असंही आलं. त्या दिवशी भाव सव्वाअठरा झाला आणि भागधारकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये लोकांनी एकमेकांना पेढे वाटल्यासारखी अभिनंदनं केली. संध्याकाळी पुन्हा साडेसतरा.

तो ग्रुप म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. सकाळ झाली की कुणीतरी रॉकेटचं चित्र टाकायचं. "धीर धरा, दम धरणारी माणसंच श्रीमंत होतात." कुणी शंका काढली की दहा जण त्याच्या अंगावर धावून जायचे. बाईंना तो ग्रुप उघडला की कुजलेल्या दाताचा वास आल्यासारखं व्हायचं. तरी त्या उघडायच्या, आणि त्याबद्दल त्यांना स्वतःचीच किळस यायची.

यंदा कंपनीची वार्षिक सभा त्यांच्याच शहरात होती. बाईंनी ठरवलं, जायचं आणि तोंडावर विचारायचं. नवऱ्याने धाकट्या भावाला फोन केला, "वहिनीला गाडीतून घेऊन जा रे." भावजींनी आढेवेढे घेतले, पण दादापुढे त्यांचं चालत नसे.

सभा एका साध्या हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर होती. छताला आदल्या दिवशीच्या कुणाच्या तरी समारंभाचे फुगे अजून लोंबत होते आणि गालिचाला ओलसर कुबट वास येत होता.

"मी खाली गाडीत थांबतो," भावजी म्हणाले.

"का? तुम्ही पण भागधारक ना? चला वर."

दारात टेबलावर एक मुलगी यादी घेऊन बसली होती. बाईंनी सही केली आणि मागे वळून म्हणाल्या, "यांचंही नाव बघा. माझे दीर."

मुलीने यादीवरून दोनदा बोट फिरवलं. "या आडनावाच्या फक्त तुम्हीच आहात."

"दुसऱ्या खात्यावर असतील," भावजी घाईने म्हणाले. "जाऊ दे वहिनी, उशीर होतोय."

मुलगी बिचारी कामात चोख होती. "थांबा ना, जुन्या याद्यांमध्ये बघते." तिने संगणकात नाव घातलं. "हो, होते की! तीन हजार. पण चार वर्षांपूर्वी विकलेत, मार्चमध्ये. सगळे एकदम."

तीन हजार. मार्च. बाईंनी पेन खाली ठेवलं.

त्यांना आपल्या खरेदीचा तो मार्चमधला आठवडा लख्ख आठवला. दोन दिवस त्यांनी साडेसतराला शेअर मागितला होता आणि कुणी विकणाराच मिळत नव्हता. तिसऱ्या दिवशी भावजींचा फोन आला होता, "वहिनी, आत्ता लावा, अठराला लावा!" आणि क्षणात सगळे तीन हजार एका फटक्यात मिळाले होते. बाईंनी तेव्हा आनंदाने भावजींना जेवायला बोलावलं होतं.

 त्या आत जाऊन दुसऱ्या रांगेत बसल्या. भावजी पार शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

पंचवीसेक माणसं होती. व्यासपीठावर कंपनीचे संचालक उभे राहिले आणि हसले. बाईंच्या सवयीच्या नजरेला आधी दात दिसले. वरचे-खालचे सगळे नवे, एकसारखे, महागडे. मागच्या पत्रावरच्या फोटोत याच माणसाचे पुढचे दोन दात वाकडे होते. यंत्राला चार वर्षांत स्क्रू मिळाला नाही, पण तोंडाचं काम वेळेत पुरं झालं होतं.

"आपलं यंत्र अंतिम टप्प्यात..." त्यांनी सुरुवात केली.

बाई उठल्या. "माफ करा. ते यंत्र चालू स्थितीत कुणी बघितलंय? इथल्या एकाने तरी?"

"मॅडम, प्रक्रिया सुरू आहे. काही गोष्टी गोपनीय..."

"मला गोपनीय काही नको. एक पेलाभर खारं पाणी घाला आणि गोडं काढून दाखवा. आज नको, कधी ते सांगा. तारीख सांगा."

संचालक नुसतेच हसत राहिले. बाईंना वाटलं होतं, आता लोक आपल्यामागे उभे राहतील. पण पहिल्या रांगेतले एक पिकल्या मिशांचे गृहस्थ मागे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "बसा हो बाई. असलं काही बाहेर गेलं तर भाव कोसळेल."

"पण यंत्र नाहीये!"

"ते माहितीये हो सगळ्यांना." गृहस्थांनी असं सांगितलं, जसं पंखा बंद आहे म्हणून सांगावं. "आम्हालाही बाहेर पडायचंय. नवीन माणसं येऊ द्यात की आधी."

शेजारचे दोघे-तिघे माना डोलावत होते. बाईंनी एकेक चेहरा बघितला. रॉकेटची चित्रं टाकणारे हेच. धीर धरा म्हणणारे हेच. यांच्यापैकी एकाचाही त्या यंत्रावर विश्वास नव्हता. सगळे फक्त आपल्यानंतर येणाऱ्याची वाट बघत होते.  त्या पर्स उचलून बाहेर पडल्या.

भावजी जिन्यात धावत आले. "वहिनी, ऐकून तरी घ्या!"

"बोला."

"मी सहा वर्षं अडकलो होतो हो. रोज विकायला लावायचो, घेणारा कुत्रा फिरकत नव्हता. काय करणार होतो मी?"

"आणि मी दिसले."

"घरातलंच माणूस म्हटलं... म्हणजे पैसे घरातच राहिले, असा विचार केला."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. भावजींना वाटलं, वहिनी निवळल्या. ते एक पायरी जवळ आले. "तुमचेही निघतील. तुमच्या कामावर त्या प्लास्टर भिजवणाऱ्या बाई आहेत ना? त्यांच्या नवऱ्याच्या विम्याचे पैसे आलेत म्हणे. मी बोलतो त्यांच्याशी. तुम्ही फक्त अठराला लावून ठेवा."

 बाई दोन पायऱ्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "गाडी घेऊन जा तुम्ही. मी चालत येईन."

घरी पोचल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. दारातच उभं राहून ग्रुपवर लिहिलं, "मी आज सभेत यंत्र दाखवा म्हणाले. त्यांनी दाखवलं नाही, तारीखही दिली नाही. यंत्र नाही." चार मिनिटांत त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेअर विकायला लावले. आता भाव गडगडणार, याची त्यांनी तयारी ठेवली होती. भाव साडेसतरा. तिसऱ्या दिवशीही साडेसतरा. खरं सांगूनही त्या मढ्याच्या अंगावरची माशी हलली नाही. मग बाईंनी सतराला लावले, आणि नऊ दिवसांत पन्नास, शंभर, दोनशे असे करत सगळे गेले. कुणी घेतले, कोण जाणे. दर वेळी मोबाईल वाजला की बाईंना वाटायचं, आता कुणाच्या घरातली भट्टी राहिली.

त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "लहान आहे गं तो."

"पन्नाशीचा आहे."

"आणि नुकसान म्हणशील तर सतराला गेले ना? म्हणजे फार काही नाही. मग एवढं काय?"



रविवारी भावजी नेहमीसारखे आले, नेहमीसारखे सोफ्यावर बसले. बाईंनी चहा आणून पुढ्यात ठेवला आणि समोर उभ्या राहिल्या.

"भावजी, माझ्या कामावरच्या त्या प्लास्टरवाल्या बाईंना तुम्ही फोन केलात किंवा कुणाकडून करवलात, तर मी तुमच्या दुकानात येईन. गिऱ्हाइकं भरलेली असताना येईन. आणि सगळं मोठ्याने सांगेन."

भावजी हसायला लागले. मग वहिनींचा चेहरा बघून थांबले. दादाकडे बघितलं, तर दादा पेपर वाचत होते. दोन घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला आणि काहीतरी काम आठवल्याचं सांगून निघून गेले.

"चहा तरी पुरा पिऊ द्यायचास," नवरा पेपराआडून म्हणाला.

बाईंनी उरलेला चहा मोरीत ओतला, कप दोनदा घासला आणि पालथा घातला.