रबराचं फूल

लिंबायतच्या त्या गल्लीत पुष्पाबाईच्या कानावर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती. सत्तावीस वर्षं तिने लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. ऐंशी माग एकदम खडखडत असले तरी कुठल्याचा पट्टा ढिला झालाय ते ती पाठमोरी सांगायची. शाळा दुसरीपर्यंत. पण मशीन तिच्याशी बोलायचं आणि तिला ते कळायचं, असं मालकसुद्धा म्हणायचा.

म्हणून हेमराजने, तिच्या मुलाने, जुनी मोटारबोट घेतली तेव्हा इंजिन ऐकायला तीच समुद्रकाठच्या डुमसला गेली होती; सूनही सोबत होती. पाण्यात ते गोड चाललं. "घे," ती म्हणाली, आणि सौदा झाला. विकणाऱ्या म्हाताऱ्या खलाशाने वर एक बिस्किटाचा डबा दिला. त्यात दोन प्लग, थोडे नट आणि सहा पाकळ्यांचं एक काळं रबराचं फूल. हेमराज डबा तिथेच टाकून येत होता. पुष्पाबाईने त्याच्या हातातून हिसकावला. "मशीनसोबत आलेलं टाकतात का रे? कपाळ!"

बोट लागत होती ती पोटासाठी. पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये अकरा वर्षं राबून हेमराजचा खोकला आता छातीत घर करून बसला होता. तापीवर कॉजवेच्या वरच्या अंगाला जलकुंभी, म्हणजे पाण्यावर माजलेली जलपर्णी, ओढायचं काम निघालं होतं. ठेकेदाराचा माणूस ठरल्या दिवशी सकाळी अकरा वाजता बोट चालवून बघणार होता. बोट पसंत पडली तर हेमराज मिलची पायरी पुन्हा चढणार नव्हता.

त्याच्या आदल्या दिवशी बोट टेम्पोवर चढून गल्लीत आली. हळदकुंकू झालं, हार घातला, नारळ फुटला.

"आता लाव चालू," पुष्पाबाई म्हणाली.

हेमराज घुटमळला. "माय, डुमसवाले काका म्हणाले होते, पाण्याबाहेर..."

"काका म्हणाले! काकाच्या घरी नांदतोस का? नव्या मागाची पूजा केली आणि माग चालवला नाही, असं कधी ऐकलंस? गल्लीला ऐकू दे."

हेमराजने दोरी ओढली. इंजिन असं गरजलं की तिसऱ्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली. पुष्पाबाई ऐटीत पेढे वाटत फिरली. चांगली दहा मिनिटं. मध्येच जळकट वास आला.

"धुडकूभाऊ," तिने शेजाऱ्याला सुनावलं, "त्या तुझ्या चपला उन्हातून उचल. गल्लीभर वास सुटलाय."

सगळे हसले. धुडकूने खरंच चपला उचलल्या.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला बोट तापीत उतरली. इंजिन पहिल्याच ओढीला लागलं. पुष्पाबाईने सुनेकडे, रंजनाकडे, बघून भुवया उडवल्या. ऐकलंस ना?

रंजना मात्र इंजिनाच्या मागे वाकून बघत होती. "आत्याबाई, डुमसला इथून पाण्याची धार पडत होती. ते काका म्हणाले होते, ही धार पडते तोवर इंजिन जितं."

धार नव्हती. छिद्र कोरडं ठणठणीत होतं. हेमराजने झाकणाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. इंजिन बंद केलं.

"फसवलं म्हाताऱ्याने!" हेमराज खोकत ओरडला. "दाखवताना चालवून दाखवलं आणि खराब माल गळ्यात मारला. फोन लावतो त्याला. आत्ताच्या आत्ता येऊ दे इथे!"

पुष्पाबाईच्या तोंडून घरची अहिराणी निघून गेली. "हाई काय व्हयनं..." हे काय होऊन बसलं! आणि तिच्या नाकात कालचा वास पुन्हा शिरला. चपलांचा नव्हता तो. जळक्या रबराचा. डब्यातलं ते फूलही रबराचंच होतं, पाणी ढकलणाऱ्या पंख्यासारखं. मागाला तेल दिलं की झालं, त्याला पाणी कशाला लागतं? पण हे इंजिन पाणी पिऊन स्वतःला थंड ठेवत होतं, आणि काल तिने ते दहा मिनिटं तहानलेलं पळवलं होतं.

गप्प बसता आलं असतं. दोष आयताच म्हाताऱ्याच्या डोक्यावर बसला होता. पण तो डुमसहून निघून येईपर्यंत अकरा वाजून गेले असते, आणि सोमवारी हेमराज परत रंगाच्या वाफेत उभा राहिला असता.

"फोन खाली ठेव," ती म्हणाली. "म्हाताऱ्याचा दोष नाही. पाणी ओढणारं रबर जळालंय. मी जाळलं. काल."

हेमराज बघतच राहिला. मायच्या तोंडून असं काही त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

"तोंड काय बघतोस? पाने-पक्कड काढ. आणि तो डबा दे."

बोट काठाला लावली. इंजिन वर उचलून बोल्ट सोडले तसा खालचा दांडा सुटून आला. पंपाचं घर उघडलं. आत तसंच फूल होतं, पण करपून कडक झालेलं, आणि सहापैकी तीनच पाकळ्या जागेवर. हेमराजने घाईघाईने डब्यातलं नवं फूल उचललं.

"थांब. तुटलेल्या तीन कुठायत?"

"जाऊ दे ना माय, दहा वाजून गेले."

"मागावरच्या धोट्याची कपची तुटून कापडात राहिली तर काय होतं? अख्खा ताका फाडते. तीन गेल्या, तीन सापडल्या पाहिजेत."

दोन पंपातच निघाल्या. तिसरी काही दिसेना. रंजनाने पाणी वर नेणाऱ्या नळीला डोळा लावला, केसांतला आकडा काढून सरळ केला आणि हळूहळू फिरवत एक काळा तुकडा ओढून काढला.

"शाबास गं," पुष्पाबाई म्हणाली. सुनेला हा शब्द सात वर्षांत पहिल्यांदा मिळाला. "पण आकडा उद्या नवा आण. हा आता इंजिनाचा."

नवं फूल साबणाच्या पाण्यात बुडवून, इंजिन ज्या अंगाला फिरतं त्याच अंगाला दांडा वळवत तिने स्वतः बसवलं, म्हणजे पाकळ्या उलट्या मुडपायच्या नाहीत. बोल्ट हेमराजने आवळले. इंजिन पाण्यात गेलं. दोरी ओढली. एक, दोन, तीन मोजेपर्यंत काहीच नाही. मग छिद्रातून थुंकी उडाली, आणि पाठोपाठ करंगळीएवढी धार.

अकराला ठेकेदाराचा माणूस आला. "चाले छे?" त्याने विचारलं.

"बसून बघा ना," पुष्पाबाई म्हणाली आणि त्याच्या आधी स्वतः चढली.

पाऊण तास त्यांनी जलकुंभीचे भारे ओढले. तिची नजर धारेवरून हलली नाही. एकदा धार बारीक झाली तशी तिने हात वर केला, "बंद!" हेमराजने इंजिन उचललं. पाणी शिरायच्या जाळीवर मुळ्या चिकटल्या होत्या. त्या ओरबाडून काढल्या, धार पुन्हा मोठी झाली. तो माणूस हेमराजला म्हणाला, "सोमवारथी आवजो. ने आ बाने साथे लावजो." सोमवारपासून यायचं, आणि या आईला सोबत आणायचं.

संध्याकाळी बोट गल्लीत परतली तेव्हा पोरं गोळा झाली. "आक्का, चालू करा ना! कालच्यासारखं!"

"आधी पिंप आणा. पाण्याने काठोकाठ," पुष्पाबाई म्हणाली. "इंजिनाचा पाय पाण्यात बुडाल्याशिवाय दोरीला कुणी हात लावला तर हात मोडीन. माझा हात असला तरी."

मग तिने पदराच्या गाठीतून ते करपलेलं फूल काढलं आणि ओट्यावर बसलेल्या धुडकूच्या पुढ्यात ठेवलं.

"घे. वास याचा होता. चपला उद्यापासून उन्हात ठेव."